मदत हवी आहे: पुस्तकवाले आणि सिनेमावाले एका गच्चीवर कसे बसवायचे?

नमस्कार मंडळी. सोलापुरात सात रस्त्याजवळ मित्राच्या गच्चीवर आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा सिनेमा बघतो. मागच्या वेळी २००९ चा 'वॉचमेन' लावला आणि पार वाजलं. मावसभाऊ मांडीवर मूळ ग्राफिक नॉव्हेल (चित्रकथेतली कादंबरी) उघडून, मोबाईलच्या टॉर्चमध्ये चौकट न् चौकट ताडून बघत होता. शेवट आला तसा उसळला, "अरे, तो स्क्विड कुठाय?" पुस्तकात न्यूयॉर्कवर अवाढव्य स्क्विड (माकूळसारखा समुद्री प्राणी) येऊन पडतो, सिनेमात सगळं खापर डॉ. मॅनहॅटन या अतिमानवी शक्तीच्या पात्रावर फोडलंय. खरं सांगू, मला हा बदल जास्त पटला. पण बोलायची सोय नाही! लगेच ऐकवतो, "म्हणून तर मूळ लेखक अ‍ॅलन मूरनं सिनेमाला आपलं नाव लावू दिलं नाही." पुस्तक न वाचलेले काका शेंगा सोलत म्हणाले, "बरा होता की, जरा लांबला."

पुढच्या वेळी 'पर्सेपोलिस' (२००७) लावायचा विचार आहे. मूळ पुस्तकाची लेखिका मार्जान सात्रापी स्वतःच सहदिग्दर्शक, त्यामुळे भांडायला जागा कमी, असा माझा अंदाज. 'रोड टू पर्डिशन'ला तर कुणी चूं केलं नव्हतं, कारण तो कॉमिकवरून आलाय हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

तर विचारायचं हे, की पुस्तक आधी वाचायला द्यावं की नंतर? आणि मूळ गोष्ट बरीच बदलूनही वाचलेल्यांना आवडला, असा एखादा सिनेमा सुचवा. दोन तासांच्या आतला बघा, दहानंतर खालच्या आजी ओरडतात.