हेझलची छाटणी मार्चमध्ये ढकलू नका

मंडळी,
२२ फेब्रुवारीचं श्रमदान १५ मार्चला नेल्याचं इतिवृत्तात वाचलं. हे चालणार नाही. फीत बांधून आखलेला हेझलच्या झुडपांचा तुकडा महिनाअखेरीआधीच छाटला पाहिजे. मार्चमध्ये पक्षी घरटी बांधतात, तेव्हा रेंजरबाई करवत लावू देणार नाहीत. म्हणजे हा तुकडा थेट पुढच्या हिवाळ्यावर. तिथे आता इतकी दाट सावली आहे की खाली काही उगवत नाही. हेझल बुडाशी तोडलं की नवे फुटवे येतात आणि मधली काही वर्षं जमिनीला ऊन मिळतं. तेवढ्यात व्हायोलेटची रोपं पसरतात आणि फ्रिटिलरी फुलपाखरांच्या अळ्यांना तीच पानं लागतात. ब्रिटनमध्ये ही छाटणी मागे पडली तशी ती फुलपाखरंही खूप कमी झाली. २२ ला कोण येतंय ते आजच कळवा.
– मंजिरी

मंजिरी,
हॉल २२ लाच मिळालाय, तालीम तेव्हाच होणार, म्हणून श्रमदान पुढे नेलं. बैठकीला तू नव्हतीस. आणि मार्चमध्ये तोडायला बंदी आहे असं कायद्यात कुठेही नाही, मी ब्रिटनचा १९८१ चा वन्यजीव कायदा वाचलाय. घरटं वापरात असेल किंवा बांधलं जात असेल तरच अडचण. आधी बघून घेऊ, घरटं नसेल तिथे तोडू.
– शेखर

शेखर म्हणतो ते कायद्याने बरोबर आहे. मार्च ते ऑगस्ट हा सावधगिरीचा काळ, वापरातल्या घरट्याला संरक्षण बाराही महिने. पण ‘आधी बघून घेऊ’ म्हणणं सोपं आहे. लांब शेपटीचा टिट पक्षी फेब्रुवारीअखेरीसच घरटं बांधायला घेतो. शेवाळ, कोळ्याचं जाळं, वरून दगडफुलाचं आवरण, त्यामुळे घरटं फांदीच्या सालीत मिसळून जातं. मी दुर्बीण घेऊन समोर उभा होतो, तरी पक्षी आत शिरला तेव्हाच मला ते दिसलं. वीस जण करवती घेऊन शिरल्यावर कोण बघणार?
आणि मंजिरी, फेब्रुवारीतही जपावंच लागतं. डॉरमाउस, म्हणजे तो उंदरासारखा छोटा प्राणी, तेव्हा झाडावर नसतो, जमिनीवर पाचोळ्यात झोपलेला असतो. आखलेली वाट सोडायची नाही, जुने ढीग ओढायचे नाहीत.
– नाना

नाना, ढिगांवरून आठवलं. फांद्या जाळायच्या नाहीत हे कृपया सगळ्यांना सांगा. मागच्या वेळी आम्ही त्या तोडलेल्या खुंटांभोवती कुंपणासारख्या रचल्या, म्हणून तिथले धुमारे हरणांपासून वाचले. उघड्या राहिलेल्या बाजूचे सगळे खुडले गेले होते. जाड ओंडके तिथेच कुजू द्यायचे. स्टॅग बीटल या भुंग्याच्या अळ्या मातीत गाडलेल्या कुजक्या लाकडात काही वर्षं राहतात.
आणि हातमोजे! फांदी धरलेल्या हातात हवा, करवतीच्या हातात नको, पकड सुटते. बूट घासून या, अ‍ॅश झाडाची रोगट पानं तळव्याला चिकटून दुसऱ्या रानात जातात.
– वृंदाताई

ताई, साहित्य आणि सूचना माझ्याकडे आहेत, यादी मीच पाठवणार होतो. मुलांना करवत द्यायची की नाही हेही अजून ठरायचंय.
– शेखर

शेखरदादा, यादी तुम्हीच पाठवा, ताईंचे मुद्दे तेवढे त्यात घ्या. मुलं फांद्या वाहतील आणि रचतील, करवत मोठ्यांकडेच. तालमीबद्दल: दुपारी दोनला आहे ना? आपण साडेआठला सुरू करून साडेबाराला थांबू. तालमीची मंडळी बाराला निघाली तरी चालेल. खुंट जमिनीलगत हवा, काप बाहेरच्या बाजूला उतरता, म्हणजे पाणी साचत नाही. नवीन लोकांना नाना दाखवतील, बरोबर ना नाना?
– मंजिरी

दाखवतो. पण दोन माणसांमागे एकच करवत द्या, नाहीतर एकमेकांच्या अंगावर फांद्या पाडतील.
– नाना

साडेआठ जमेल. मात्र बाराला मी सगळ्यांना घेऊन निघणार, उरलेला तुकडा मंजिरीचा. लॉपर (फांद्या तोडायच्या लांब दांड्यांच्या कात्र्या) आठच आहेत, ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणा. इतिवृत्तातली तारीख बदलून टाकतो.
– शेखर