एलडीएल उतरलं, मग हृदयविकाराचे झटके का नाही उतरले? (बॅरेट-कॉनर, डीएचईए-सल्फेट आणि हर्स)

अर्धवर्तुळ विचारतात:

जर्नल क्लबमध्ये (शोधनिबंध वाचून चर्चा करणारा गट) अमेरिकन साथरोगतज्ज्ञ एलिझाबेथ बॅरेट-कॉनर यांच्या कामावर तासभर बोलायचं आहे. हार्मोन, कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार हा धागा धरलाय. तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

१. त्यांचा कॅलिफोर्नियातला रँचो बर्नार्डो अभ्यास (एका वसाहतीतल्या लोकांचा दीर्घ पाठपुरावा), सुरुवात १९७२. त्यातल्या १९८६ च्या निबंधात ५० ते ७९ वयाचे २४२ पुरुष आहेत. डीएचईए-सल्फेट (अधिवृक्क ग्रंथीतून येणारं हार्मोन) डेसीलिटरमागे १०० मायक्रोग्रॅमने जास्त असेल तर हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू ४८ टक्क्यांनी कमी. पाठपुरावा १२ वर्षांचा, पण हार्मोन मोजलंय सुरुवातीच्या एकाच नमुन्यात. एका कुपीवर एवढा भरवसा चालतो?

२. हर्स ही हार्मोन-उपचाराची चाचणी, १९९८. आधीच हृदयविकार असलेल्या, पाळी गेलेल्या २७६३ स्त्रिया. एका गटाला रोज ०.६२५ मिलिग्रॅम कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेन आणि २.५ मिलिग्रॅम मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, दुसऱ्याला प्लासिबो (औषध नसलेली गोळी). प्लासिबोच्या तुलनेत एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ११ टक्के खाली, एचडीएल (‘चांगलं’) १० टक्के वर. आणि झटके व हृदयविकाराने मृत्यू मिळून १७२ (हार्मोन) विरुद्ध १७६ (प्लासिबो)! मग कोलेस्टेरॉलचा सिद्धांतच मोडीत निघाला का?

३. त्याआधीचे निरीक्षणात्मक अभ्यास इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांना ३५ ते ५० टक्के फायदा दाखवत होते. ते नेमके कुठे घसरले?

सांख्यिक:

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथली बेरीज सहसा कुणी करून बघत नाही.

सुरुवातीचं सरासरी एलडीएल डेसीलिटरमागे १४५ मिलिग्रॅम धरा. ११ टक्के म्हणजे १६ मिलिग्रॅम. ३८.७ ने भागलं की ०.४१ मिलिमोल प्रति लिटर. स्टॅटिनच्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून आलेला ढोबळ नियम असा: एलडीएल १ मिलिमोलने उतरलं तर मोठ्या घटना सुमारे २२ टक्के कमी, म्हणजे गुणक ०.७८. आपल्याला तो ०.४१ घातांकावर चढवायचा: ०.७८ चा ०.४१ वा घात ०.९० येतो. म्हणजे हर्समधल्या एलडीएलच्या उतारातून फार तर १० टक्के फायदा अपेक्षित होता.

आता हर्सचा निकाल: सापेक्ष धोका ०.९९ (१ म्हणजे दोन्ही गट सारखे), ९५ टक्के विश्वासांतर, म्हणजे खरा आकडा बहुधा ज्या पट्ट्यात असेल तो, ०.८० ते १.२२. त्यात ०.९० आरामात बसतं! हर्सने एलडीएलचा सिद्धांत तपासलाच नाही, तेवढी ताकद त्या चाचणीत नव्हती. तिने मोडलं ते ३५-५० टक्क्यांचं स्वप्न. स्लाइडवर हे गणित हातानं लिहून दाखवा, पुढचा अर्धा वाद तिथेच मिटेल.

दुसरं म्हणजे वर्षवार आकडे. हार्मोन विरुद्ध प्लासिबो असे वाचा. पहिलं वर्ष ५७ विरुद्ध ३८, दुसरं ४७ विरुद्ध ४८, तिसरं ३५ विरुद्ध ४१, चौथं-पाचवं मिळून ३३ विरुद्ध ४९. एकूण बरोबरी आहे खरी, पण ती आधी तोटा आणि मग फायदा अशी दिसते. हा उतरता क्रम पाहून लगेच ‘उशिरा गुण येतो’ म्हणू नका. ज्यांच्या धमन्या सर्वांत नाजूक होत्या त्या पहिल्याच वर्षी यादीतून बाद झाल्या, की मागे उरलेला गट आपोआप बळकट दिसतो. पाठपुरावा ६.८ वर्षांपर्यंत नेल्यावर एकूण आकडा ०.९९ लाच राहिला, उशिराचा फायदा काही टिकला नाही.

तिसरा प्रश्न. याचं नाव बॅरेट-कॉनर यांनीच १९९१ मध्ये ठेवलं: प्रतिबंधाचा पूर्वग्रह. इस्ट्रोजेन मागणारी आणि ते वर्षानुवर्षं न चुकता घेणारी स्त्री बहुधा सडसडीत, शिकलेली, तपासण्या वेळेवर करणारी. गोळी बाजूला ठेवली तरी तिचा धोका कमीच. ‘वय, धूम्रपान, रक्तदाब यांचं समायोजन केलं’ एवढ्यानं हे धुऊन निघत नाही, कारण नेमकेपणानं गोळी घेण्याचा स्वभाव कुठल्याच रकान्यात नसतो.

त्या स्वभावाचं वजन किती, ते कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट या हृदयरुग्ण पुरुषांवरच्या जुन्या औषधचाचणीत दिसतं. प्लासिबो गटातले जे पुरुष ८० टक्के किंवा जास्त गोळ्या घेत होते, त्यांच्यात पाच वर्षांत सुमारे १५ टक्के मृत्यू. त्याहून कमी घेणाऱ्यांत सुमारे २८ टक्के. पोकळ गोळी, तरी जवळजवळ दुपटीचा फरक.

सीरमकुपी:

पहिला प्रश्न प्रयोगशाळेचा आहे, तो मी घेते.

एक नमुना चालतो की नाही हे हार्मोनवर ठरतं. डीएचईए-सल्फेट रक्तात बराच काळ टिकतं, दिवसभरात फारसं हलत नाही आणि गोठवलेल्या सीरममध्ये चांगलं राहतं. म्हणून तिथे एक कुपी पुरते. टेस्टोस्टेरॉनला हा नियम लावू नका. ते सकाळी वर असतं, दुपारपर्यंत उतरतं. त्यासाठी सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त हवं.

१९८६ च्या निबंधाची खरी अडचण कुपीची नाही, २४२ या संख्येची आहे. रँचो बर्नार्डोतच पुढे मोठ्या गटाचा १९ वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा पुरुषांतला संबंध माफक उरला आणि स्त्रियांत काहीच नाही. स्वतःचा गाजलेला निकाल स्वतःच आखडता घेणं, हे तुमच्या मांडणीत यायलाच हवं.

हार्मोन आणि हृदयविकारावरचा कुठलाही निबंध हातात आला की पद्धतीच्या भागात आधी रक्त कधी काढलं ते पाहा. झटका आल्यावर काढलं असेल तर निकाल बाजूला ठेवा. मोठ्या आजारात टेस्टोस्टेरॉन आणि टी-३ (थायरॉइड हार्मोन) कोसळतात, एलडीएलसुद्धा पहिल्या २४ तासांनंतर घसरतं. त्यातून ‘हृदयरुग्णांत टेस्टोस्टेरॉन कमी’ असं दिसणारच. आजार आधी की हार्मोन आधी, हे त्या नळीतून कळत नाही.

मग एसएचबीजी पाहा, म्हणजे लैंगिक हार्मोन वाहून नेणारं प्रथिन. लठ्ठपणा आणि वाढलेलं इन्शुलिन ते खाली आणतं, तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आणि जादा थायरॉइड हार्मोन ते वर नेतं. फक्त एकूण टेस्टोस्टेरॉन मोजलं असेल तर आपण बऱ्याचदा पोटाचा घेरच वेगळ्या एककात मोजत असतो. पाळी गेलेल्या स्त्रियांत आणि पुरुषांत इस्ट्राडायॉल साध्या इम्युनोअसेने (प्रतिपिंडांवर चालणाऱ्या चाचणीने) मोजलं असेल तर तेही सावधपणे घ्या. तेवढ्या खालच्या पातळीला ती पद्धत डळमळते, रेणू वजनावरून ओळखणारी मास स्पेक्ट्रोमेट्री हवी.

आणि बायोटिन (एक बी-जीवनसत्त्व). केसांसाठी दिवसाला ५-१० मिलिग्रॅम घेणारे पुष्कळ असतात. स्ट्रेप्टॅव्हिडिन-बायोटिनवर चालणाऱ्या किटमध्ये त्यामुळे टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) खोटं कमी आणि टी-४, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडायॉल खोटं जास्त येऊ शकतं. निदान दोन दिवस आधी बंद.

एलडीएलचाही सापळा आहे. ते बहुधा थेट न मोजता फ्रीडवाल्डच्या सूत्राने काढतात: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइड भागिले पाच. एकूण २२०, एचडीएल ६०, ट्रायग्लिसराइड १०० असेल तर एलडीएल १४०. तोंडाने इस्ट्रोजेन दिलं की ट्रायग्लिसराइड वाढतं. बाकी आकडे तेच ठेवून ते १५० झालं, तर सूत्र म्हणतं १३०. हे १० मिलिग्रॅम खरे किती आणि ‘भागिले पाच’ची करामत किती, ते सूत्र सांगत नाही, कारण इस्ट्रोजेनवर व्हीएलडीएलमध्ये (ट्रायग्लिसराइड वाहणाऱ्या कणांत) ट्रायग्लिसराइडचं प्रमाण बदलतं आणि पाचाचा भाजक जरा ढळतो. ४०० च्या वर तर सूत्र वापरायचंच नाही. अशा ठिकाणी अपो-बी (एलडीएलसारख्या कणांवरचं प्रथिन) किंवा नॉन-एचडीएल (एकूण वजा एचडीएल) बघा.

धमनीकाठ:

वरच्या दोघांना एकच जोड. हार्मोनला कोलेस्टेरॉल हा एकच दरवाजा नसतो. इस्ट्रोजेनची गोळी आतड्यातून थेट यकृतात जाते. तिथे एलडीएलचे रिसेप्टर वाढतात, हे चांगलं. त्याच यकृतात रक्त गोठवणारे घटक आणि सीआरपी हे दाहाचं प्रथिनही वाढतात, हे वाईट. हर्समध्ये शिरांतल्या गुठळ्या ३४ विरुद्ध १२ होत्या. त्वचेवरच्या पॅचमधून गेलेलं इस्ट्रोजेन यकृताला असं एका दमात भेटत नाही, म्हणून लिपिडमधला बदलही कमी आणि गोठण्याचा त्रासही कमी.

जुनी उदाहरणं हवी असतील तर पुन्हा कोरोनरी ड्रग प्रोजेक्टच बघा, झटका येऊन गेलेले ८३४१ पुरुष. त्यात इस्ट्रोजेनचा ५ मिलिग्रॅमचा गट १९७० मध्ये थांबवला, डेक्स्ट्रोथायरॉक्सिनचा (थायरॉइड हार्मोनचं एक रूप) १९७१ मध्ये, २.५ मिलिग्रॅम इस्ट्रोजेनचा १९७३ मध्ये. डेक्स्ट्रोथायरॉक्सिनने कोलेस्टेरॉल उतरवलं, पण थायरॉइडचं काम ते हृदयावरही करतं, आणि त्या गटात मृत्यू जास्त झाले. अलीकडचं म्हणजे २००६ चं टॉर्सेट्रॅपिब, एचडीएल वाढवणारं औषध: एचडीएल ७२ टक्के वर, एलडीएल २५ टक्के खाली, मृत्यू ९३ विरुद्ध ५९. रक्तदाब ५.४ मिलिमीटरने चढला होता आणि अल्डोस्टेरॉन हे रक्तदाब वाढवणारं हार्मोनही वाढलं होतं. हार्मोन म्हणून दिलं नव्हतं, तरी हार्मोनने गाठलंच.

अर्धवर्तुळ:

०.७८ चा घात करून पाहिला, ०.९० च येतो. आता एकच शंका. डब्ल्यूएचआय ही मोठी चाचणी, २००२: १६,६०८ स्त्रिया, तीच जोडगोळी, हृदयविकाराचा सापेक्ष धोका १.२९. हे आणि ‘पाळी गेल्याबरोबर सुरू केलं तर चालतं’ हे एका स्लाइडवर बसतं का?

सांख्यिक:

दोन स्लाइड करा. १.२९ एकटं टाकू नका, शेजारी ३७ विरुद्ध ३० लिहा. ते १०,००० स्त्री-वर्षांमागचे आहेत, म्हणजे वर्षाला दहा हजारांत सात जास्त. सरासरी वय ६३ होतं तेही लिहा. आणि गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं तेव्हा तोच आकडा ०.९१ आला. म्हणजे ‘हार्मोन’ असा एकच शब्द वापरून भागत नाही.

वेळेच्या मुद्द्यासाठी एलिट ही चाचणी, २०१६: ६४३ स्त्रिया, रोज १ मिलिग्रॅम इस्ट्राडायॉल तोंडाने. पाळी जाऊन ६ वर्षं झाली नव्हती त्यांच्यात मानेच्या धमनीची भिंत वर्षाला ०.००४४ मिलिमीटरने जाड झाली, प्लासिबोवर ०.००७८. दहा वर्षं उलटलेल्यांत फरक नाही. पण ही भिंतीची जाडी आहे, झटके नव्हेत. हर्समधल्या एलडीएलने जी चूक करायला लावली, ती इथे मिलिमीटरवर करू नका.

सीरमकुपी:

आणि त्याच एलिटमध्ये हृदयाच्या धमन्यांचं कॅल्शियम सीटीवर मोजलं, त्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. हे त्याच स्लाइडवर, त्याच आकाराच्या अक्षरांत.