वाचनालयात जुने विदेशी सिनेमे दाखवायचेत, फुकट. तरी परवानगी लागते?

फोंडेकर:
आमच्या वाचनालयात पावसाळाभर दर शनिवारी सिनेमा दाखवायचं चाललंय. तीस खुर्च्या, पडदा मी दिलाय, तिकीट नाही. पहिला 'बायसिकल थिव्ह्ज', १९४८ चा. एका ऑनलाइन लायब्ररीत सापडला, उघडला तर 'तुमच्या देशात उपलब्ध नाही'. भाची परदेशात शिकते, तिच्या लॉगिनवर मात्र चालतो. म्हणजे आम्ही आपले दाराशी चपला राखायला! सचिव म्हणतात, यूट्यूबवर आहे तो लावा, फुकटात कोण विचारतोय?

म्हापशाची वकील:
काका, फुकट दाखवलं म्हणून सुटका नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे ती शाळा-कॉलेजला, तीही प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक एवढेच असतील तर. हौशी मंडळांची सूट नाटक-संगीताला आहे, सिनेमाला नाही. आणि यूट्यूबच्या अटींत जाहीर खेळ बसतच नाही.
पण तुमचा सिनेमा जुना आहे. आपल्याकडे प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात, म्हणजे २००८ अखेर हक्क संपला. इटलीत दिग्दर्शक, पटकथाकार वगैरेंपैकी शेवटचा जाईपर्यंत आणि वर ७० वर्षं. नुसते दिग्दर्शक डी सिका धरले तरी ते वारले १९७४ ला, म्हणजे निदान २०४४ अखेरपर्यंत. शिवाय लायब्ऱ्या हक्क देशागणिक विकत घेतात, म्हणून भाचीला दिसतो. एक मेख मात्र आहे: पटकथा, संगीत यांचे हक्क वेगळे असतात, कलम १३(४) बघा.

रायबंदरकर:
इंग्रजी सबटायटलंही कुणीतरी केलेली असतात, त्यांचा हक्क निराळा. बिनसबटायटलचा इटालियन सिनेमा लावलात तर मध्यंतराच्या चहापर्यंत पाचजण उरतील. त्यापेक्षा 'शराड' लावा, १९६३ चा, ऑड्रे हेपबर्न. पडद्यावरच्या हक्काच्या सूचनेत 'कॉपीराइट' हा शब्दच राहून गेला, म्हणून अमेरिकेत तो पहिल्या दिवसापासून मोकळा. आपल्याकडची ६० वर्षंही २०२३ अखेर भरली. संगीताचं मात्र वकीलबाईंना विचारा.

फोंडेकर:
विचारतो. तोवर 'शराड'च ठरवलाय, इटालियन मागाहून. फक्त सचिवांनी काल फळ्यावर घाईत 'शारदा' लिहिलं. सकाळपासून तिघांचे फोन आले, पेटीवर कोण आहे म्हणून. आमच्या तालुक्यात हा गैरसमज फार महागात पडेल, आता जाऊन पुसतो.