‘लॅम्प’ म्हणजे दिवा, मग ‘ल्युमिनेअर’ म्हणजे?

पुणेतीस: प्रकाशमापनाच्या फायलींवरची (कुठल्या दिशेला किती उजेड पडतो ते सांगणाऱ्या) पुस्तिका मराठीत करतोय. आयईएस या प्रकारच्या फायलीत ‘टिल्ट=नन’ (तिरपेपणाची माहिती नाही) या ओळीच्या खालच्या ओळीत दहा आकडे येतात. पहिला ‘लॅम्प’ किती, दुसरा दर ‘लॅम्प’मागे ल्युमेन, म्हणजे एकूण प्रकाश, किती. इथे ‘दिवा’ लिहिलं. पण शेवटचे तीन आकडे म्हणजे ‘ल्युमिनेअर’च्या, म्हणजे दिव्यासकट अख्ख्या उपकरणाच्या, प्रकाश देणाऱ्या भागाची रुंदी, लांबी, उंची. तिथेही ‘दिवा’ म्हटलं, तर वाचणारा नुसत्या ट्यूबची मापं भरेल. दोन वेगळे शब्द हवेत.

तपकीरगल्ली: ‘फिटिंग’. बुधवार पेठेतल्या दुकानात ‘दीपसंच द्या’ म्हणून बघा, पणत्यांचा डबा हातात येईल.

चोखंदळ: ‘फ्लॅटचं लाइट फिटिंग झालं का?’ या प्रश्नात वायरिंगची चौकशी असते. पुस्तिकेत संदिग्ध शब्द नको. ‘दीपधारक’ घ्या.

तपकीरगल्ली: अहो, ते होल्डर झालं!

गॅमाकोन: नावं काहीही ठेवा, दुसऱ्या आकड्याखाली टीप मात्र हवीच. एलईडीत तिथे बहुधा -१ असतो. प्रकाशाचा उगम फिटिंगमधून सुटा काढून मोजता येत नाही, म्हणून कॅन्डेला (एकेका दिशेतली तीव्रता) थेट अख्ख्या फिटिंगचे दिलेले असतात. ‘प्रत्येक दिव्याचे ल्युमेन : -१’ असं वाचलं की लोक छपाईची चूक समजून तिथे ६००० वगैरे भरतात. फिटिंग प्रत्यक्षात ४२०० ल्युमेन देत असेल, तर प्रोग्राम ७० टक्के कार्यक्षमता काढतो. मग कुणी उगमाचे ल्युमेन ४२०० केले की सगळे कॅन्डेलाही ७० टक्क्यांवर येतात.

एलडीटी या दुसऱ्या प्रकारच्या फायलीची तऱ्हा वेगळी. तिथे तीव्रता दर १००० ल्युमेनमागे असते. २५० लिहिलंय आणि ल्युमेन ४८०० आहेत, तर खरे कॅन्डेला १२००. थेट मापन असेल तर ऋण चिन्ह दिव्यांच्या संख्येला लागतं, ल्युमेनला नाही.

पुणेतीस: आणि शून्य अंशाचं प्रतल, म्हणजे दिशा जिथून मोजायच्या ते?

गॅमाकोन: लांबट फिटिंगला आयईएसमध्ये लांबीच्या दिशेने, एलडीटीत आडवं. रूपांतर करताना ९० अंश फिरवायला विसरलात, तर रस्त्याच्या दिव्याचा उजेड समोरच्या सोसायटीच्या खिडक्यांत. आणखी एक : फायलीतलं ‘टिल्ट’ मराठी करू नका, आकडेही देवनागरीत नकोत. फाइल उघडणारच नाही.

चोखंदळ: ‘फाइल’ का पण? ‘धारिका’ आहे की.

तपकीरगल्ली: सरकारी कचेरीत ‘नस्ती’ म्हणतात. मग ‘आयईएस नस्ती’ म्हणायचं का? नसती उठाठेव!

चोखंदळ: थट्टा करा. उद्या ‘कॅन्डेला’ही आपलाच म्हणाल.

शब्दवेल्हाळ: आहेच की, लांबचा नातेवाईक. लॅटिन ‘कॅन्डेला’ ग्रीकमार्गे अरबीत ‘किंदील’ झाला आणि फारसीतून आपल्याकडे कंदील. लॅटिन धातूचा अर्थ चमकणे. संस्कृत ‘चंद्र’ही त्याच कुळातला. आकाशकंदीलाची तीव्रता कॅन्डेलात सांगणं म्हणजे भाऊबंदकीच.

पुणेतीस: सुंदर! पण ‘ल्युमिनेअर’चं काय ठरलं?

चोखंदळ: ‘आकाशकंदिलाची’. शब्द तत्सम नाही, हे तुम्हीच आत्ता सिद्ध केलंत. सामान्यरूपात ‘दि’ ऱ्हस्व.

शब्दवेल्हाळ: मान्य. मग ‘फाइल’चं ‘फायलीत’ कुठल्या नियमाने होतं, तेवढं सांगा.