उत्तर: उत्तर: स्टोव्हचा धूर खोलीत येतोय – लायनर पार वरपर्यंत घालायचं का?

ताई:
शनिवारी स्टोव्ह बसला. तोच, ज्याबद्दल मी मागे विचारलं होतं. पेटवला की पहिली दहा मिनिटं धूर खोलीत येतो. लाकूड घालायला दार उघडलं की परत तेच. स्टोव्हचा सहा इंची पाइप जुन्या फायरप्लेसच्या चिमणीत डॅम्परच्या (चिमणी उघडबंद करायच्या झडपेच्या) वर हातभर नेऊन सोडलाय आणि भोवतीची फट पत्र्याने बंद केलीय. बसवणारा म्हणाला, एवढं पुरतं. काल दुसरा एक जण बघून गेला. तो म्हणतो, स्टेनलेसचं लायनर, म्हणजे चिमणीच्या आत घालायची धुराची नळी, थेट टोकापर्यंत हवं. कोणाचं खरं मानायचं? आज रात्री पेटवू का? अण्णा, वाचताय ना?

नाना:
ताई, लाकूड ओलं असणार. मागच्या वेळी सगळ्यांनी मिळून आणलेला तो ढीग आमच्याकडेही धुमसत होता. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं पाणीच असतं. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली हवा. फोडून, रचून, वरून झाकून पण बाजूंनी मोकळं ठेवलं तरी सहा महिने लागतातच, टणक लाकडाला वर्ष-दोन वर्षं. ओलाव्याचं मीटर माझ्याकडे आहे, घेऊन जा. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला सुया टोचायच्या, बाहेरून नाही. लायनरचं म्हणाल तर माझाही पाइप असाच सोडलेला आहे. आठ वर्षं झाली, काही झालेलं नाही.

अण्णा:
ताई, आज पेटवू नका. नाना लाकडाबद्दल बरोबर आहेत, पाइपबद्दल नाहीत.

उघडी फायरप्लेस खोलीतली भरपूर हवा ओढते, म्हणून तिची चिमणी रुंद बांधलेली असते. बंद दाराचा स्टोव्ह थोडा आणि संथ धूर सोडतो. तो सहा इंचांतून निघून एकदम त्या विहिरीएवढ्या पोकळीत गेला की रेंगाळतो, गार होतो आणि ओढ मरते. तुमच्या खोलीत धूर येतो तो यामुळे.

पण धुरापेक्षा मला काळजी काजळीची आहे. धूर साधारण 120 अंश सेल्सियसच्या खाली गेला की त्यातली वाफ आणि डांबर भिंतीवर बसतं. त्यालाच क्रिओसोट म्हणतात. आधी भुगा, मग पापुद्रे, शेवटी काचेसारखा चकचकीत थर. तो पेटला की चिमणीत हजार अंशांच्या वर आच जाते. आतली मातीची नळी तडकते आणि आग विटांमागच्या लाकडी तुळयांपर्यंत पोचते. शिवाय पाइप असा मध्येच सोडलेला असला की ब्रश नीट फिरवता येत नाही. काजळी त्या पत्र्यावर साठत राहते आणि स्टोव्ह ओढून काढल्याशिवाय ती दिसतही नाही.

चिमणीचं आतलं माप मोजा. पोकळीचं क्षेत्रफळ स्टोव्हच्या धूर निघायच्या तोंडाच्या तिप्पट चालतं, चिमणी घराच्या बाहेरच्या भिंतीत असेल तर दुप्पटच. त्याहून जास्त असेल तर लायनर टोकापर्यंत, आणि भिंत बाहेरची असेल तर त्याला उष्णतारोधक वेष्टणही.

वहिनी:
अण्णा, माझा अनुभव वेगळा. आमच्याकडे लायनर पूर्ण आहे, वेष्टणही आहे, तरी धूर यायचा. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट चालू असला की हमखास. घर घट्ट बंद, पंखा हवा बाहेर फेकतो, मग भरपाईची हवा चिमणीतूनच खाली येते. ताई, सगळे पंखे आणि कपडे वाळवायचं मशीन बंद करून खिडकी दोन बोटं उघडून बघा. धूर थांबला तर उत्तर तिथंच. थंड चिमणीत वर्तमानपत्राचा बोळा पेटवून आधी ती गरम केली तरी फरक पडतो. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाय ना? त्या वायूला वासही नाही, रंगही नाही. आमचा पहाटे वाजला तेव्हा आम्हाला फक्त डोकं दुखतंय एवढंच वाटत होतं.

यादी-व्यवस्थापक:
जनरेटरच्या वेळी आपण ठरवलं होतं की घरदुरुस्तीचे सल्ले या यादीवर नकोत. कोणी इथलं वाचून पाइप बसवला आणि काही झालं तर मंडळाला उत्तर द्यावं लागेल. कृपया खासगीत बोला.

अण्णा:
ठरलं होतं ते मान्य. पण इथं चाळीस घरं वाचतात आणि त्यांतल्या निदान सहांमध्ये लाकडाचा स्टोव्ह आहे. खासगीत बोललो तर नानांचा पाइप तसाच राहील. मी कोणाला स्वतःच्या हाताने बसवा म्हणत नाही, तपासून घ्या म्हणतोय.

नाना:
माझं नाव निघालंय म्हणून लिहितो. मी दर हिवाळ्यात ती काजळी काढणारी पावडर टाकतो.

अण्णा:
नाना, पावडरीने थर ठिसूळ होतो, पण तो पडून जातो कुठे? तुमच्या त्या पत्र्यावरच. 3 मिलिमीटर थर दिसला की ब्रश मारायचाच, आणि वर्षातून एकदा तपासणी. लाकूड कोरडं असलं तरी रात्रभर पुरावं म्हणून हवेची झडप अगदी आवळून ठेवता का? मग काजळी होणारच.

वहिनी:
राखेचं कोणीच बोललं नाही. निखारे राखेत दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहतात. झाकणाचा पत्र्याचा डबा, घराबाहेर, लाकडी ओट्यावर नाही.

ताई:
पेटवला नाही. वहिनींचं करून बघितलं. पंखे बंद, खिडकी उघडी, नुसता कागदाचा बोळा जाळला. धूर कमी झाला, थांबला नाही. मग माप घेतलं. आतून 11 गुणिले 11, म्हणजे 121 चौरस इंच. सहा इंची तोंडाचे 28. सव्वाचार पट, आणि चिमणी बाहेरच्या भिंतीत. लायनर टोकापर्यंत, वेष्टणासकट सांगितलंय. आधी कॅमेरा सोडून नळी तडकलीय का ते बघणार आहेत. स्टोव्हमागच्या पाइपच्या जोडांत स्क्रूच नव्हते, तेही प्रत्येक जोडाला तीन घालायला सांगितले. अण्णा, जोडाचं चुण्या पाडलेलं टोक खाली, स्टोव्हकडेच ना?

अण्णा:
हो, खाली. म्हणजे पाझरलेलं डांबर आतूनच स्टोव्हमध्ये जातं, बाहेर ठिबकत नाही.

नाना:
ताई, तो कॅमेरावाला कधी येतोय? त्याच दिवशी माझ्याकडेही पाठवा. तोवर मीही पेटवत नाही.