मदत हवी आहे: सिरिंज पंपाची मोटर जादा चालली तर ओळखायचं कुणी?

नमस्कार मंडळी,

अंधेरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारा प्रोग्रॅम) लिहितो. सध्या आयसीयूसाठी सिरिंज पंपाचं, म्हणजे सिरिंजमधलं औषध ठरलेल्या दराने हळूहळू देणाऱ्या यंत्राचं, काम चालू आहे. वैद्यकीय उपकरणांवर काम केलेलं कुणी इथे असेल तर प्लीज मार्गदर्शन करा.

रचना नेहमीचीच. स्टेपर मोटर (छोट्या ठरावीक पायऱ्यांनी फिरणारी) लीड स्क्रू, म्हणजे लांब आटेदार स्क्रू, फिरवते, त्यावरचा नट सिरिंजचा दांडा ढकलतो. एकच मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम चालवणारी चिप) कीपॅड वाचतो, मोटर फिरवतो आणि अलार्मही तोच वाजवतो. मला देखरेखीला दुसरा कंट्रोलर हवाय. साहेब म्हणतात, वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर) आहे ना, मग खर्च कशाला वाढवायचा? पण वॉचडॉगला कळतं ते एवढंच की प्रोग्रॅम चालू आहे. रॅममधला दराचा आकडा बिघडून ताशी २ मिलीच्या जागी २० मिली जायला लागलं, तरी प्रोग्रॅम वॉचडॉगकडे वेळच्या वेळी हजेरी लावणारच. सिरिंजमध्ये नॉरअ‍ॅड्रेनॅलिन (रक्तदाब वाढवणारं जोरकस औषध) असेल तर पुढचं सांगायला नको.

"टेस्टिंगमध्ये एकदाही हँग झाला नाही" हा दुसरा युक्तिवाद. आयईसी ६२३०४ या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या मानकात सुरक्षा वर्ग (ए, बी, सी; सी सर्वात कडक) ठरवताना सॉफ्टवेअर बिघडण्याची शक्यता १ धरायची असते, म्हणजे बिघडणारच असं मानून चालायचं. हे दाखवलं, तर "ते कागदावर ठीक आहे" असं ऐकून घेतलं.

आता खरी अडचण. दांडा किती सरकला ते मोजायला त्यावर पोटेन्शिओमीटर (जागेनुसार व्होल्टेज बदलणारा सेन्सर) लावून पाहिला. ५० मिलीच्या सिरिंजचा आतला व्यास साधारण २७ ते २९ मिमी, म्हणजे दांडा १ मिमी सरकला की ०.६ मिलीच्या आसपास औषध जातं. ताशी २ मिलीला दांडा मिनिटाला मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग सरकतो. १२ बिटच्या एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, ४०९६ पायऱ्या) १२० मिमीचा प्रवास पसरला तर एक पायरी ०.०३ मिमीची, त्यात नॉइज. मोटर सुसाट सुटली तर लगेच कळेल, पण २ च्या जागी ३ जात असेल तर बराच वेळ पत्ता लागणार नाही. यावर काय करतात?

आणखी एक. पाणी भरून घेतलेल्या चाचणीत एक सिस्टर ५.५ टाकत होत्या, टिंबाचं बटण अर्धवट दाबलं गेलं आणि पडद्यावर ५५ आलं. त्यांनी स्टार्ट दाबलंसुद्धा. हे दुसरा कंट्रोलर तरी कसं पकडणार?

प्रतिसाद १ (पवईकर)

दांड्यावरच्या एकट्या पोटेन्शिओमीटरवर विसंबू नका. मोटरच्या शाफ्टवर एन्कोडर (फिरण्यानुसार पल्स देणारा सेन्सर) लावा आणि त्याचे पल्स दुसऱ्या कंट्रोलरला मोजू द्या, दर थोडा चुकला तरी लवकर कळेल. नट घसरला तर मात्र मोटर फिरते आणि दांडा जागेवरच राहतो. त्यासाठी पोटेन्शिओमीटर ठेवा, तुलना जास्त वेळाच्या अंतराने करा.

दुसऱ्या कंट्रोलरचा क्रिस्टल (वेळ मोजायचं घड्याळ) वेगळा हवा. पहिल्याने काढलेला स्टेपचा वेग त्याला देऊ नका. युजरने कन्फर्म केलेला दर द्या, हिशोब त्याचा तो करेल. सिरिंजच्या व्यासाचं टेबल दोघांनी एकाच फाइलमधून उचललं तर चूकही दोघांची सारखीच.

५५ चं वेगळं आहे. पंप सांगितलेलंच करतोय, म्हणून दुसरा कंट्रोलर काही बोलणार नाही. तिथे औषधनिहाय मर्यादा हव्यात, आणि दशांशाचा आकडा लहान अक्षरात दाखवा म्हणजे ५.५ आणि ५५ लांबूनही वेगळे दिसतील.

प्रतिसाद २ (ठाणे_लोकल)

साहेबांना थेराक-२५ सांगून पाहा. १९८५ ते ८७ मध्ये त्या किरणोपचार यंत्रातून सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा गेली, काही दगावले. आधीच्या थेराक-२० मध्येही तसाच दोष होता, पण तिथे हार्डवेअरचे इंटरलॉक (धोका दिसला की यंत्र अडवणारी सोय) होते म्हणून तो कुणाच्या जिवावर बेतला नाही. नव्या यंत्रात तेच काढून सगळं सॉफ्टवेअरवर सोपवलं.

खर्चाच्या भाषेत बोलायचं तर, बाहेरून स्वतंत्र नियंत्रण असेल तर ६२३०४ च्या २०१५ च्या दुरुस्तीनुसार मुख्य सॉफ्टवेअरचा वर्ग सी वरून खाली आणता येऊ शकतो. त्या छोट्या कंट्रोलरचा कोड मग सी मध्ये धरा, पण तो आटोपशीर असतो, कागदपत्रं आवरतात. आणि हा सी वेगळा, आपल्या २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस रूल्समधला सी वेगळा, फाइल करताना गल्लत करू नका.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. कागदपत्रांचा मुद्दा साहेबांना नक्की पटेल, बाकीचं पटो न पटो. एक शंका राहिली: दुसरा कंट्रोलर ज्या मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) मोटरची वीज तोडणार, तोच शॉर्ट होऊन बसला असेल तर?

पवईकर

पंप चालू होताना दर वेळी दुसऱ्या कंट्रोलरने तो बंद करायचा आणि मोटरकडचा व्होल्टेज खरंच शून्यावर आला का ते मोजायचं. नाही आला तर अलार्म, आणि पंप सुरूच होऊ द्यायचा नाही.