मदत हवी आहे : स्वीकृत नगरसेवकाचा राजीनामा आणि नवी नेमणूक

नमस्कार मंडळी. आमच्या नगरपरिषदेत निवडून आलेले सदस्य 20, म्हणजे महाराष्ट्राच्या 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे स्वीकृत, म्हणजे निवडणुकीऐवजी नामनिर्देशनाने घेतलेले सदस्य, जास्तीत जास्त 2 (निवडून आलेल्यांच्या दहा टक्के किंवा पाच, जे कमी असेल ते). त्यातल्या एकाने मुदतीआधी राजीनामा दिला आहे. निवडून आलेला सदस्य गेला तर पोटनिवडणूक लागते. इथे मात्र पुन्हा नामनिर्देशनच करावे लागणार, एवढे स्पष्ट आहे.

अडचण आहे ती संख्याबळाची, कारण स्वीकृत जागा सभागृहातल्या पक्षगटांच्या सदस्यसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जातात. पहिली नेमणूक झाली तेव्हाचे गटांचे बळ आज राहिलेले नाही. रिकामी जागा मूळ गटालाच मिळते, की प्रमाण आजच्या बळावर नव्याने काढतात? जुन्या नेमणुकीचा ठराव आणि गटनोंदणीची प्रत काढून ठेवली आहे.

दुसरे, नवा माणूस नगरपालिका प्रशासनाचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेला हवा. त्याचा पुरावा म्हणून काय काय जोडता? नुसत्या शिफारसपत्रावर नाव पाठवणे मला तरी धोक्याचे वाटते. कुणी हरकत घेतली की प्रस्ताव अडकतो. स्वीकृत सदस्याला मताधिकार नसतो म्हणून ही जागा कशीही भरावी, असे होऊ नये.

अशी जागा प्रत्यक्ष भरलेल्यांनी ठरावाचा किंवा प्रस्तावाचा नमुना दिला तर फार मदत होईल.